चौकोनी काकू

पाहुणा दारात आला की काकू आधी त्याच्या बाहीला हात लावतात. कापड अंगठा आणि तर्जनीत धरून दोनदा चोळतात आणि मगच "या, बसा" म्हणतात. नवख्याला वाटतं, माया आहे. आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक आहे की ही चाचपणी आहे. "सुतीच ना? की पॉलिस्टर मिसळलंय?" हा पुढचा प्रश्न. मग तितक्याच आपुलकीने, "किती वर्षं झाली घेऊन?" चौथा प्रश्न त्या विचारत नाहीत, पण तो डोळ्यांत स्वच्छ वाचता येतो : टाकणार कधी?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली पोरं त्यांना चौकोनी काकू म्हणतात. काकूंच्या अंगाबांध्यात चौकोन म्हणावा असं काहीही नाही. नाव पडलं ते त्यांच्या कोस्टरवरून. चार इंच बाय चार इंच, मधे गुबगुबीत, कडेने टीप. सोसायटीतल्या बावीस बिऱ्हाडांत काकूंचे कोस्टर नाहीत असं घर नाही आणि ते वापरतंय असंही घर नाही.

अशी बाई प्रत्येक सोसायटीत एक असते. फार वर्षांपूर्वी ती काचेच्या नळ्यांची तोरणं ओवत होती. नंतर तिने मण्यांचा मोर केला. टीव्ही घरोघरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल हिनेच घातला आणि टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला तेव्हा सगळ्यांत जास्त वाईट हिलाच वाटलं. हात रिकामा ठेवणं हे तिच्या लेखी उघड्या नळासारखं आहे. वाया जातंय, आणि कुणी बंद करत नाही.

कोस्टरचं वेड मात्र काकूंनी अमेरिकेहून आणलं. लेकीच्या बाळंतपणाला त्या सहा महिने न्यू जर्सीत होत्या. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी गार पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि घरातली तिन्ही मोठी माणसं एकदम धावली. "आई, लाकडावर गोल उठतो!" काकूंना ते लागलं. "आपल्याकडे गोल उठला तर पुसतात," त्या मला म्हणाल्या, "तिकडे तोंडाकडे बघतात." परत आल्यावर त्यांनी सासूबाईंच्या काळचं पायमशीन माळ्यावरून काढलं, तेल दिलं, नवा पट्टा चढवला, आणि त्या दुपारपासून आमच्या भिंतीपलीकडची खडखड थांबलेली नाही.

एकदा मी वाढीव वीजबिलाबद्दल बोलायला गेलो आणि शिकून आलो. काकूंकडे तसंच होतं. "बस. साडेचार इंचाचे दोन चौकोन काप. चारचा कोस्टर आणि चारही बाजूंना पाव-पाव इंच माया." शिवणकामातली ही माया म्हणजे शिवणीत दडणारं जादा कापड. बाहेरून दिसत नाही, पण ती राखली नाही तर पहिल्याच धुण्यात सगळं उसवतं. "आता सुलट बाजू आत, उलट्या बाजू बाहेर. वर पंच्याचा चौकोन ठेव. टाचण्या मार. कडेने टीप घाल, पण एका बाजूला दोन बोटं जागा सोड."

"कशाला?"

"उलटवशील कुठून? तोंडातून?"

मी टीप घातली. ती कडेने गेली असं मी म्हणणार नाही. कडेच्या आसपास गेली. काकूंनी चारही कोपरे टिपेला धक्का न लावता तिरके छाटले, सोडलेल्या जागेतून सगळं सुलटं केलं आणि विणायच्या सुईच्या मागच्या टोकाने आतून कोपरे ढोसले. मग इस्त्री, मग तोंड मिटवून पुन्हा कडेने टीप, आणि मधे कर्णावर दोन, म्हणजे आतला थर धुण्यात गोळा होत नाही. माझा कोस्टर त्यांनी उजेडात धरला. "कोपरा आला तर कोस्टर," त्या म्हणाल्या, "नाही तर पापड." माझा पापड होता.

ही पंच्याची अक्कलही ठेच खाऊनच आली. पहिल्या खेपेला त्यांनी जुन्या उशीतला कापूस भरला होता. त्या कोस्टरवर कप ठेवला की तो उंटावर बसल्यासारखा डुलायचा. काकांच्या पायजम्यावर दोनदा चहा सांडला, तेव्हा काकूंनी "तुम्हीच नीट ठेवत नाही" असा निकाल देऊन गुपचूप भरण बदललं. दुसऱ्या खेपेला ओटीतले ब्लाउजपीस निघाले. मराठी घरात ब्लाउजपीस शिवायचा नसतो, पुढे द्यायचा असतो. तो एका ओटीतून दुसऱ्या ओटीत चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरतो आणि कधीतरी मूळ मालकिणीकडेच परत येतो. काकूंनी अशा सत्तावीस ब्लाउजपिसांना मुक्ती दिली. पण त्यांतले निम्मे पॉलिस्टर निघाले. त्यावर पाणी मुरेना, ग्लास घसरू लागले. तेव्हापासून काकूंचा नियम पक्का झाला : वरचं कापड सुती, आधी धुऊन आटवलेलं, आत जुना पंचा किंवा टॉवेल. म्हणूनच तो बाहीचा तपास.

या तपासाची सगळ्यांत मोठी झळ काकांना. रेल्वेतून निवृत्त झालेला हा शांत माणूस आपले सदरे मोजून ठेवतो. "काल सात होते," ते मला लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, "आज पाच आणि बारा कोस्टर." त्यांच्या एका चौकडीच्या शर्टाचा तुकडा काकूंनी खिशासकट कोस्टरला लावला होता, साखरेची पुडी ठेवायला म्हणून. काका त्यात चष्मा शोधतात. सवय आहे.

लोकांनी या कोस्टरचं काय केलं, हा वेगळाच विषय आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबुवांच्या घरी ते देवांच्या आसनासाठी लागले. खालच्या बिऱ्हाडात तव्यावरची पोळी दाबायला. नळ दुरुस्त करायला आलेल्याने एक उचलून पान्हा पुसला, तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. नेमकं ओळखलं ते फक्त काकूंच्या माहेराहून आलेल्या आत्याने. तिने कोस्टर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि डोक्यावर ठेवून पाहिला. "चुंबळ होय! पण गं, एवढीशी? हिच्यावर कुठली घागर राहायची?" काकूंना राग यायला हवा होता. पण त्या म्हणाल्या, "घागरीच कुठे राहिल्यात आता, आत्याबाई?" आणि आत चहा टाकायला गेल्या.

त्या दुपारी आत्याने मला काकूंची आई सांगितली. उन्हाळ्यात पडवीत जुन्या नऊवाऱ्या, धोतरं एकावर एक अंथरायची, शेजारच्या चौघी बोलवायच्या आणि कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा. घरातला प्रत्येक माणूस तिच्यात कुठे ना कुठे असायचा : आजोबांचं धोतर, धाकटीचं परकर-पोलकं, गेलेल्या काकूची इरकल. "ही पोरगी सहा वर्षांची असताना सुईत दोरा ओवून द्यायची," आत्या म्हणाली. "चार जणी टाके घालायच्या, ही एकटी पुरायची."

मी घरी आलो आणि एक हिशेब केला. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच. पन्हा ४५ इंच धरला तर साडेचार इंचाचे ७२ गुणिले १०, म्हणजे ७२० चौकोन. कोस्टरला दोन लागतात, ३६० कोस्टर. मराठी वर्षाच्या तिथीही ३६०. एका लुगड्यात वर्षभर दर तिथीला नवा कोस्टर. हे मी काकूंना सांगितलं ही माझी चूक. त्यांनी ते वचन समजून लिहून ठेवलं.

पण गोधडी त्या का करत नाहीत, हेही मी एकदा विचारलं. "घालू कुठे?" त्यांनी खोलीकडे हात केला. साडेचारशे फुटांचा फ्लॅट. अंथरायला पडवी नाही, धुतली तर वाळत घालायला दांडी नाही, टाका घालायला बसतील अशा चौघी नाहीत. त्या चौघी ८:०२ च्या लोकलला असतात. लेकीकडे हीटर, मुलाकडे एसी आणि दुकानातली रजई. "गोधडी मागणारं कुणी राहिलं नाही रे. कोस्टरला कुणी नाही म्हणत नाही. एवढासा असतो ना."

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. जेवणाच्या टेबलाला मुळात सनमायका आहे, त्यावर गोल उठूच शकत नाही. सनमायकाला ओरखडे नकोत म्हणून त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक. प्लास्टिक ओशट दिसतं म्हणून त्यावर कशिद्याचा टेबलक्लॉथ. टेबलक्लॉथला डाग नकोत म्हणून कोस्टर. कोस्टर इरकलीचा, त्याला डाग लागला तर काकू बोलत नाहीत, म्हणून काकांनी त्यावर कालच्या पेपरचा तुकडा पसरला होता. मी थर मोजले. कडेने दोरा घातला असता तर झालीच होती गोधडी.

"कप ठेव की," काका म्हणाले.

मी कप हातातच धरला. काकांनी आपला चहा बशीत ओतला, बशी तळहातावर तोलली, फुंकर घातली आणि एका घोटात संपवली. मग रिकामा कप मांडीवर ठेवत म्हणाले, "दोनदा पायजमा भिजला, तेव्हापासून मी टेबलावर कप ठेवलेलाच नाही. पण हे तिला सांगू नकोस."

तेवढ्यात काकू आतून आल्या. माझ्या बाहीला हात लावला, अंगठा आणि तर्जनीत दोनदा चोळली.

"हा गेल्या गणपतीतला ना? चांगलं आहे सूत. पुढच्या दिवाळीपर्यंत घाल." मग माझ्या हातातल्या कपाकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि सांभाळून रे, चहा सांडू नकोस त्याच्यावर."