गाड्या पुण्याच्या, धावपट्टी परक्यांची

आमचा बंगला मधला. डावीकडे अण्णा, उजवीकडे वहिनी. अण्णांचं नाना पेठेत गॅरेज होतं, आता ते मुलगा बघतो. वहिनींचं माहेर खेड तालुक्यातलं. दोघांनाही शर्यतीचं वेड, पण अण्णांची शर्यत पेट्रोलवर चालते आणि वहिनींची कडब्यावर. त्यामुळे सकाळी झाडांना पाणी घालायच्या वेळी दोन्ही कुंपणांवरून जे काही फेकलं जातं, ते आधी माझ्या अंगणात पडतं.

परवाचा विषय निघाला अण्णांच्या जावयावरून. जावई अमेरिकेत, शार्लटला. अण्णा तिकडे गेले होते तेव्हा त्यानं त्यांना मोटारींची शर्यत दाखवली.

"काय सांगू, नुसतं गोल गोल! सगळं वळण डावीकडे. तीन-चार तास डावीकडेच. उजवीकडचा इंडिकेटर काढून विकला तरी चालेल."

"एवढं बघायला अमेरिकेला कशाला जायचं? घाण्याचा बैल इथं बघितला असता," वहिनी वाळवणाची दोरी ताणत म्हणाल्या.

"अहो वहिनी, ऐका तरी. त्याला स्टॉक कार म्हणतात. मुळात दुकानात मिळायची तीच गाडी, फक्त आतून पिळलेली. आणि सुरुवात कुणी केली माहितीये? हातभट्टीवाल्यांनी!"

वहिनींनी दोरी सोडली. हातभट्टी म्हटल्यावर कोण दोरी धरून बसेल?

अण्णांना तेवढंच हवं होतं. तिकडं दक्षिणेतल्या डोंगरांत चोरून दारू गाळायची आणि रात्री शहरात पोचवायची. मागे सरकारी माणसं. म्हणून गाडी दिसायला अगदी मास्तरांची, पण इंजिन राक्षसाचं. रात्री पोलिसांना चुकवणारी हीच पोरं रविवारी एखाद्या शेतात एकमेकांशी पैजा लावायची. 1948 साली बिल फ्रान्स नावाच्या माणसानं या सगळ्यांना एका छत्राखाली आणलं, नियम केले, आणि नॅसकार उभी राहिली. त्यातला ज्युनिअर जॉन्सन अण्णांचा विशेष लाडका. 1956 मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, आत जाऊन आला, परत गाडीत बसला आणि कारकिर्दीत एकूण मोठ्या 50 शर्यती जिंकला. पुढं 1986 मध्ये रेगननं त्याला माफी दिली.

"म्हणजे तुरुंगातून सुटला, मोठा झाला आणि सरकारनं कागद दिला," वहिनी म्हणाल्या. "मग आपल्यापेक्षा अमेरिका वेगळी ती काय?"

अण्णांचं खरं दुखणं मात्र शार्लटचं नाही, पुण्याचं आहे. ते निघालं की पाण्याची नळी तशीच वाहत राहते. चेतक आकुर्डीची, 1972 ची. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, लग्नाच्या बोलणीत स्कूटर असायची. लूना त्याच साली आली, तीही आपल्या फिरोदियांची. टेल्को पिंपरीत. देशातल्या गाड्या तपासून शिक्का मारणारी 1966 ची एआरएआय तर आपल्या वेताळ टेकडीवर. पल्सर चाकणची. "एवढ्या गाड्या जन्माला घातल्या या गावानं, पण पळवायला हक्काची एक धावपट्टी नाही. लेकरं आपली आणि खेळायला शेजारच्या वाड्यात!"

"मग तुम्ही जायचात कुठं?" मी विचारलं. उत्तर मला पाठ आहे, पण विचारलं नाही तर ते दिवसभर खट्टू असतात.

"मद्रासला! शोलावरमला!"

तरुणपणी अण्णांचे उस्ताद कुणाची तरी फियाट घेऊन गेले होते, अण्णा पान्यांची पेटी धरायला. शोलावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी. तिथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवायचा. मुंबईवाल्यांना जुहूची धावपट्टी होती, कलकत्तेवाल्यांना बराकपूरची. म्हणजे इंग्रज विमानं ठेवून गेले म्हणून आपल्याकडं मोटारी पळाल्या. फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड यांचे बंपर काढायचे, मागची सीट काढायची, हेडलाइटच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारायची, म्हणजे फुटली तरी काच रस्त्यावर पसरत नाही. आणि हवेत एरंडेलाचा वास.

"एरंडेल?" वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पोट बिघडलं होतं का सगळ्यांचं?"

"इंजिनात घालायचे हो! शर्यतीच्या इंजिनाला एरंडेलाचं ऑइल चालायचं. एकदा तो वास नाकात बसला की अत्तर नको वाटतं."

आणि माणसं तरी कशी! एकीकडं गोंडलचे महाराज परदेशातून खास गाडी मागवून आणायचे, दुसरीकडं रात्रभर गाडीखाली झोपून सकाळी तीच गाडी पळवणारे मेकॅनिक. त्यात कोइमतूरचा करिवर्धन, गिरणीवाल्या घराण्यातला, पण हात काळे करणारा. त्यानं मारुती 800 च्या इंजिनावर एकाच माणसाच्या बैठकीची शर्यतीची गाडी बसवली, म्हणून सामान्य घरातल्या पोरांना या खेळात शिरता आलं. 1995 मध्ये तो विमान अपघातात गेला. कोइमतूरच्या ट्रॅकला त्याचंच नाव आहे. हे सांगताना अण्णा टोपी काढतात, खरंच काढतात.

"आणि विजय मल्ल्या. ऐंशीच्या सुमारास त्यानं शोलावरमला चक्क फॉर्म्युला वनची एन्साइन गाडी पळवली."

"कोण, तो बँकावाला?"

"तोच."

"तेव्हापासूनच पळायची सवय म्हणायची."

यावर अण्णांना काही सुचलं नाही, तेव्हा त्यांनी एकदम पूनावाला काढले. पुण्याचा मुद्दा हातातून निसटायला लागला की ते हेच पान टाकतात. सायरस पूनावालांनी ऐन तारुण्यात मित्राबरोबर शर्यतीच्या गाडीचा एक नमुना बनवला होता, जग्वारच्या डी-टाइपसारखा. हीच डी-टाइप 1955 पासून लागोपाठ तीन वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. पुण्यात तो नमुना जेमतेम 120 डॉलरांत झाला म्हणतात. मग हिशेब केला तर कारखाना काढायला भांडवल पुरेना. गाडी राहिली बाजूला, पूनावाला घरच्या घोड्यांच्या रक्तापासून बनणाऱ्या सीरमकडे वळले आणि 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

"म्हणजे त्या गाडीला पैसे मिळाले असते तर जगाला लस कोण देणार होतं?" वहिनी म्हणाल्या. "झालं ते बरं झालं."

मला पटलं. अण्णांना अर्धवट.

मग त्यांनी खिशातून एक जुना स्पार्क प्लग काढून माझ्या कुंपणाच्या कठड्यावर ठेवला. नातवंडांचे फोटो काढावेत तसे ते प्लग काढतात. "हा बघा. टोक बदामी आहे ना? म्हणजे पेट्रोल आणि हवा बरोब्बर. पांढरं पडलं की हवा जास्त, इंजिन तापून पिस्टन जाणार. काळं झालं की पेट्रोल जास्त, गाडी घुसमटणार. आम्हाला कुठले कॉम्प्युटर? फुल थ्रॉटल मारायची, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करायचं, प्लग काढून रंग बघायचा. मग जेट बदलायचा." हा प्लग आरएक्स 100 मोटरसायकलचा. 1985 साली ती आली आणि नाना पेठेतल्या पोरांनी जिना बघितला नाही की रस्ता. त्याआधी येझदी, जिची किक पुढं ढकलली की तीच गिअरचा दांडा व्हायची. नवख्या माणसाला गाडी दिली तर तो खाली वाकून गिअर शोधत बसायचा आणि गॅरेजमधली पोरं हसून लोळायची.

"पण शर्यत कुठं?" मी.

"उसनवारीनं! मोटोक्रॉस कुणाच्या तरी मोकळ्या मैदानात. 2018 ला पोरांनी सुपरक्रॉसची लीग काढली, तर ती कुठं, तळेगावजवळ नानोलीच्या स्टड फार्मवर. घोड्यांकडून जागा मागून आणावी लागली! मग 2024 च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठी सुपरक्रॉस झाली. त्या स्टेडियममध्ये ट्रकनं माती ओतली, उंचवटे केले, उड्या मारल्या, आणि माती परत उचलली. म्हणजे भाड्याच्या मांडवात लग्न."

इथं वहिनींनी दोरी बांधून टाकली आणि कुंपणापाशी आल्या. हा त्यांचा शेवटचा डाव असतो.

"अण्णा, तुमचं रडगाणं पुरे. शर्यतीची हक्काची जागा पुण्याला आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही. बैलगाड्यांचे घाट बघा. निमगावचा खंडोबाचा, चिखलीचा, गावोगावचे. चार खिलार, पुढं घोडी, आणि झाली म्हटलं की भिर्रर्र! अकरा-बारा सेकंदांत खेळ खल्लास. दिवसात सगळ्यात कमी वेळात बारी मारील तो घाटाचा राजा."

"आणि ड्रायव्हर?"

"गाड्यावर कुणी नसतंच आमच्याकडं. सातारा-सांगलीकडं छकड्यावर असतो, त्याला तिकडं ड्रायव्हरच म्हणतात, त्याचे पोस्टर लागतात. आमच्याकडं सगळी मदार पुढच्या घोडीवाल्यावर. घोडी दमली की गाडा गेला."

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर 2021 मध्ये उठली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदाच वैध ठरवला. या तारखा वहिनी मुलांच्या वाढदिवसांसारख्या सांगतात. बंदीत त्यांच्या भावानं बैल विकले नाहीत. पळायचं बंद, पण दूध, अंडी, गव्हाचं पीठ चालूच. भावजय म्हणायची, घरातल्या माणसांना खिचडी आणि बैलांना पंगत. बंदी उठल्यावर 2022 मध्ये खासदार अमोल कोल्हे निमगावला स्वतः घोडीवर बसून गाड्यापुढं धावले, कारण तसा शब्द दिला होता. टीव्हीवर संभाजीराजे केलेला माणूस, त्याला घोडी काय अवघड, असं अण्णांचं मत. वहिनींच्या मते टीव्हीवरच्या घोड्यामागे चार बैल लागलेले नसतात. मुद्दा बिनतोड आहे.

(प्राण्यांच्या हालांचा प्रश्न मी मधूनच काढतो. दोन्ही कुंपणांवरून माझ्याकडं असं बघितलं जातं की मी जास्वंदीला पाणी घालायला लागतो. पण प्रश्न खोटा नाही. शेपटी पिरगाळणं आणि टोचणं बंद व्हावं म्हणूनच तर नियम आले.)

"त्याच 2022 मध्ये चिखलीला शर्यत झाली, तर बक्षिसं काय? जेसीबी! बोलेरो! ट्रॅक्टर! आणि खाली दुचाक्या," वहिनी म्हणाल्या. "बघा अण्णा, तुमच्या मोटारी आमच्या बैलांना बक्षीस मिळतात."

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग खिशातून मोबाइल काढला आणि एका मुलीचा फोटो दाखवला, हेल्मेट बगलेत धरलेली. "ही डायना पुंडोळे. पुण्याची. दोन मुलांची आई. 2024 मध्ये सलून कारची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, असं करणारी भारतातली पहिली बाई. सलून म्हणजे तीच हो, घरातल्या गाडीसारखी गाडी. जिंकली कुठं? मद्रासला! परत मद्रासलाच!"

वहिनींनी फोटो नीट बघितला, दोन बोटांनी मोठा करून. "दोन मुलांचं सगळं आवरून? मग तर हिला सरावाला जागा द्यायलाच पाहिजे. चिखलीचा घाट द्या म्हणावं, पावसाळ्यात रिकामाच असतो."

"अहो, तो चढ आहे. वर गेल्यावर गाडी थांबवायची कशी?"

"आमचे बैल थांबतात की, त्यांना कुठं ब्रेक आहेत? आणि ती नळी बंद करा आधी, यांच्या अंगणात तळं झालंय."