डोंगरावर लहान मुलाशी फुटबॉल खेळण्याची रीत

जोतिबाच्या डोंगरावर लहान मुलाशी फुटबॉल खेळायला सपाट जागा लागते, आणि डोंगरावर नेमकी तीच कमी. डोंगरावरची, जोतिबाच्या देवळाची वाडी रत्नागिरी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीवर आहे. कोल्हापूर तिथून अठरा-एक किलोमीटर, आणि बरेच खाली. चेंडू त्या दिशेने सुटला की त्याला अडवणारे फारसे कोणी नसते. तो आणायला बापाने जावे. पुढचे बरेचसे नियम यातूनच निघतात.

चैत्र पौर्णिमेला खेळू नये. त्या दिवशी यात्रेमुळे डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, आणि यात्रेतल्या उंच सासनकाठीपुढे कोणाचेच ड्रिबलिंग चालत नाही.

चेंडू ३ नंबरचा घ्यावा. घेर साधारण ५८ ते ६० सेंटिमीटर, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. बाप ५ नंबरचा आणतो, कारण ‘मोठं झाल्यावर पण चालंल की!’ याच वाक्यावर घरात गणवेश, बूट आणि सायकली आलेल्या असतात. ४१० ते ४५० ग्रॅमच्या त्या चेंडूला पाच वर्षांच्या मुलाने लाथ घातली की चेंडू जागेवर राहतो आणि मूल पुढे जाते.

गोलपोस्टसाठी कोल्हापुरी चपला उत्तम. वजनदार असतात, डोंगरावरच्या वाऱ्याला दाद देत नाहीत. दोन्हींतले अंतर वाढवण्याचा अधिकार मुलाला असतो व तो अधिकार ते खेळ चालू असतानाच वापरते.

टेकता पाय चेंडूशेजारी, मारत्या पायाचा घोटा ताठ, फटका पावलाच्या आतल्या बाजूने. एवढेच शिकवावे, तेही निम्मे आज आणि निम्मे पुढच्या रविवारी. हेडर नको, अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने १० वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो बंद करायचे २०१५ मध्ये ठरवले. ऑफसाइड समजावू नये. त्यावर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये केस पिकलेल्या माणसांचेही अजून एकमत नाही.

खरी अडचण बापाची असते. शहरातला फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. तेव्हापासून पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा यांपैकी एखाद्या संघाचे नाव घराण्यात कुलदैवताखालोखाल येऊन बसलेले. त्यात २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. आता प्रत्येक बापाला पोराच्या डाव्या पायात काहीतरी दिसते. बहुधा तो चिखल असतो. बापाने स्वतःच्या गुडघ्याची गोष्ट सांगू नये. गुडघा गेला नसता तर काय झाले असते, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. आणि काहीही झाले नसते.

गोलकीपर बापच. उडी चुकीच्या बाजूला मारावी, पण चेंडू सुटल्यावर. आधी मारली तर मुलाला कळते आणि ते रुसते. गोल झाला की मूल हात पसरून वाट्टेल तिकडे पळते, उताराकडेही. म्हणून उताराची बाजू कायम बापाच्या अंगावर ठेवावी. हे मात्र गमतीत घेऊ नये.

सामना मूल कंटाळेपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटे. निकाल मूल सांगेल तो. जिंकल्यावर गुलाल उधळतात हे त्याने पेठेत पाहिलेले असते, आणि देवळातून आणलेली पुडी हाताशीच असते. घरी आल्यावर चेंडू धुवावा. शिवणीत शिरलेला गुलाल निघत नाही.