पेजवाला

सांगलीच्या मार्केट यार्डात हल्ली पेजवाल्यांचं पेव फुटलंय. वय पंचविशीच्या आत-बाहेर, पगार पोती मोजण्याचा, जीव मोबाइलात आणि तोंडात एकच वाक्य : ‘मालक, आपलं पेज काढूया.’

आमच्या हळदीच्या अडत दुकानातला पेजवाला हे तीन वर्षं म्हणतोय. मी तिथला दिवाणजी, त्यामुळे सगळे प्रयोग मी फुकटात पाहिलेत. मालकांनी लहानपणी रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे सौदे पाहिलेले. “धंदा झाकून करायचा असतो रे,” ते म्हणतात, “आणि तू गावाला दाखवायला निघालास.”

पेजवाल्याचा अभ्यास मात्र दांडगा. एकदा म्हणाला, “मालक, 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. जगाला कळायला नको?”

“हळदीला मिळालं ना? मग हळद बघून घेईल.”

नवं काही सुचलं की नेमकं लिलावाच्या वेळी सांगायचं, हा त्याचा खास गुण. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतलेल्या हमालाला वाटेत अडवून “तात्या, जरा हसा की,” म्हणतो. तात्या जे बोलले ते रीळमध्ये आलं आणि रीळ काढून टाकावं लागलं. हरिपूरला जाऊन जमिनीखालच्या पेवांचं शूटिंगही करून आला. 2005 च्या महापुरात ती पेवं कशी बुडाली, हे घोगऱ्या आवाजात सांगितलं. व्हिडिओ चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण मालक म्हणाले, “माझा माल भिजला होता त्यात. त्यावर मागं सनई लावतोस?”

मग एकदा पेज बूस्ट करायचं निघालं.

“बूस्ट म्हणजे?”

“पैसे भरले की जास्त लोकांना दिसतं.”

“पैसे कोण भरणार?”

“आपण.”

“म्हणजे गिऱ्हाइकानं आपली पाटी वाचायची आणि वर आपणच पैसे मोजायचे? दिवाणजी, ह्याला आज लवकर घरी सोडा.”

जुना दाखलाही मालक विसरलेले नाहीत. टिकटॉकवर दुकानाचं खातं काढायला त्यांनी कशीबशी मान हलवली, ती 2020 च्या जूनमध्ये. 29 तारखेला सरकारनं टिकटॉकच बंद केलं. “आमच्या आज्यानं काढलेलं दुकान अजून चालू आहे,” एवढंच ते बोलले.

शेवटी मालक पाघळले, पण वेगळ्याच कारणानं. पेजवाल्यानं व्हॉट्सॲप बिझनेसवरून दोनशे व्यापाऱ्यांना दिवसाचा भाव ब्रॉडकास्ट केला. पोचला अकरा जणांना. ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट जातो, हे त्यानं मान खाली घालून सांगितलं. मालकांनी चष्मा लावला. मेसेज दाबून धरला की कुणाला पोचला, कुणी वाचला, सगळी यादी येते, हे त्यांना तेव्हा कळलं. दुपारचं जेवण थंड झालं. “चाळीस वर्षांची ओळख आणि ह्यानं नंबर ठेवलेला नाही! ह्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय!” असं म्हणत एकेक नाव ते बोटानं सरकवत होते. मग एकाएकी थांबले.

“ग्रुपमध्येसुद्धा कळतं का रे, कुणी वाचलं ते?”

“कळतं की.”

“मग उधारीवाल्यांचा काढ.”

पेजवाल्याचा चेहरा पडला. त्याला फॉलोअर हवे होते, एंगेजमेंट हवी होती. मालकांना हवी होती वसुली. आता रोज सकाळी गणपतीच्या फोटोखाली बाकी किती ते जातं आणि दहा वाजता मालक वाचणाऱ्यांची यादी घेऊन फोनला बसतात. “मेसेज बघितलाच नाही” म्हणायची सोय यार्डात आता कुणालाच उरलेली नाही. मार्चअखेरची वसुली मी स्वतः लिहिली. एवढी खातेवही मी कधी मिटलेली पाहिली नव्हती.

पेजवाला मात्र हल्ली उशिरा येतो. मालकांनी “कुठं आहेस?” म्हणून मेसेज केला, तर पठ्ठ्यानं स्वतःच्या ब्लू टिक बंद करून ठेवलेल्या. संध्याकाळी हसत मला म्हणाला, “काका, हे मालकांना नाही कळायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. मालकांनी स्वतः ग्रुप काढला होता. नाव ‘नऊ वाजता’. माणसं तीन : मालक, तो आणि मी. ग्रुपमधली ब्लू टिक बंद करता येत नाही, हे त्यानंच त्यांना शिकवलं होतं.