उणे एक

मधुमेहाचे आणि गुडघेदुखीचे वैद्य आमच्या इमारतीत पूर्वीपासून होतेच. आता ब्राउझरचेही झालेत. ‘फायरफॉक्स फार रेंगाळतोय हो’ एवढं जिन्यात बोलायची खोटी, तिसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा पुसत घरात हजर.

त्यांनी पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कन्फिग’ टाइप केलं. जुन्या फायरफॉक्समध्ये इथे इशारा यायचा, की यामुळे तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते. फुकट मिळालेल्या वस्तूची वॉरंटी! खालच्या बटणावर ‘मी काळजी घेईन, वचन देतो’ अशा अर्थाचा मजकूर असे. आता तो विनोद गेला, नुसती जोखीम पत्करायला लावतात. काकांनी ती माझ्या वतीने तत्काळ पत्करली.

मग ‘ब्राउझर.कॅश.मेमरी.कपॅसिटी’ शोधून काढली. समोर आकडा होता उणे एक. “शून्याहूनही कमी! मग चालणार कसा बिचारा?” काका हळहळले आणि त्यांनी सढळ हाताने 128 लिहिले.

आता त्या उणे एकचा अर्थ असा, की ‘तुमचं तुम्ही बघा’. ब्राउझर मशीनची रॅम पाहून मेमरी कॅशची जागा स्वतःच ठरवतो. आठ जीबी किंवा त्याहून जास्त असली, तरी जेमतेम 32 एमबी घेतो. शिवाय हा आकडा किलोबाइटमध्ये असतो. काकांचे 128 म्हणजे मोबाइलवर काढलेला एक फोटोही मावणार नाही एवढी जागा. 128 एमबी हवे असतील, तर 131072 लिहावे लागतात. काकांना हे सांगायला मी धजलो नाही. त्यांचं वय, आणि बशीतले पोहे अर्धे उरले होते.

तेवढे लिहूनही फारसा फरक पडला नसता. मेमरी कॅश म्हणजे हाताशी असलेला ओटा, डिस्क कॅश म्हणजे माळा. आणि फायरफॉक्स बहुतेक सामान माळ्यावरच टाकतो. ओट्यावर राहतं ते मुख्यतः खासगी खिडकीतलं, कारण ते डिस्कवर लिहायचंच नसतं. रॅम खातात ती उघडी पानं आणि त्यांच्या स्क्रिप्ट. माझ्याकडे दिवाळीपासूनचे टॅब उघडे होते, त्यात संपून गेलेल्या सेलचेही. त्याबद्दल काकांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांच्याकडे याहून जास्त आहेत.

तेव्हा मंडळी, उणे एकला हात लावू नका. ‘अबाउट:प्रोसेसेस’ उघडा, कोणता टॅब किती खातोय ते पाहा आणि तो बंद करा.