ग्रिंचचं बालपण कुणी विचारलं होतं?

डिसेंबर लागला की तो हिरवा, केसाळ, तोंड वाकडं केलेला प्राणी सगळीकडे उगवतो. टी-शर्टवर, कपांवर, मोबाइलच्या पडद्यावर. ग्रिंच. नाताळ चोरायला निघालेला. चोर घरोघरी पोहोचला, चोरीची गोष्ट मात्र वाटेतच राहिली.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी पोरांना निदान शाळेच्या वाचनालयात डॉ. स्यूसचं पुस्तक सापडतं. मुंबई-पुण्याच्या पोरांना आधी भेटतो तो २०१८ चा अ‍ॅनिमेशनपट, मिनियन्स काढणाऱ्या इल्युमिनेशन कंपनीचा. पुस्तक नंतर येतं, बहुतेकदा येतच नाही. त्यांच्यासाठी हा रिमेक हीच मूळ गोष्ट.

म्हणून तो मूळ गोष्टीशी किती इमानी आहे, हे विचारायलाच हवं.

इमानी नाही.

पुस्तक १९५७ चं. डोंगरावर ग्रिंच राहतो, खाली व्हूव्हिल गावात लोक सण करतात, आणि त्याला ते बघवत नाही. का बघवत नाही? स्यूस सरळ सांगतो की नक्की कारण कुणालाच ठाऊक नाही. दोन-तीन अंदाज करतो, एक चावणाऱ्या बुटांबद्दल, एक काळजाच्या मापाबद्दल, आणि पुढे निघतो. वाचणाऱ्या पोरानं हवं तर विचार करावा.

२०१८ च्या सिनेमाला हे चालत नाही. त्याला कारण पाहिजे, आणि कारणाबरोबर रडू पाहिजे. मग ग्रिंच अनाथ होतो. सण सगळ्यांच्या घरी आणि हे पोर एकटं. शेवटी तो गावासमोर उभा राहून कबूल करतो की राग सणावर नव्हताच, एकटेपणावर होता. निदान झालं, पेशंट बरा झाला, दिवे लावा.

ही खोड नवी नाही. २००० साली रॉन हॉवर्डनं जिम कॅरीला हिरव्या केसांत गुंडाळून खऱ्या माणसांचा सिनेमा केला, तेव्हा ग्रिंच शाळेत चिडवला गेलेला मुलगा होता. अठरा वर्षांत एकाच ग्रिंचची दोन वेगवेगळी बालपणं. लेखकानं मात्र एकही दिलेलं नव्हतं.

खरा ग्रिंच कुठे सापडला, हे स्यूसनंच सांगून ठेवलंय. १९५६ चा नाताळ उलटला, २६ डिसेंबरची सकाळ झाली, तो दात घासत होता आणि आरशात ग्रिंच दिसला. पुस्तकातला ग्रिंच कुरकुरतो की हा ताप मी ५३ वर्षं सोसतोय. पुस्तक बाजारात आलं तेव्हा स्यूस, म्हणजे थिओडोर गायझेल, किती वर्षांचा होता?

५३.

म्हणजे ग्रिंच कोण? पोटभर खाणारा, बऱ्यापैकी नावाजलेला, सणाच्या गोंगाटाला विटलेला प्रौढ माणूस. त्याच्यावर कुणी अन्याय केलेला नाही. त्याला कुणी टाकलेलं नाही. तरी त्याला दुसऱ्याचा आनंद सहन होत नाही. असा माणूस प्रत्येक घरात, प्रत्येक सोसायटीत असतो आणि अधूनमधून आपल्याही अंगात शिरतो. त्याला अनाथ केलं की आपली सुटका झाली. आपण अनाथ नाही ना!

सिंडी लूचंही असंच झालं. पुस्तकात ती जेमतेम दोन वर्षांची. मध्यरात्री उठते, ग्रिंचला झाड ओढताना पकडते आणि हा सांताच्या वेशातला चोर तिला गोड आवाजात थाप मारतो, पाणी पाजतो, झोपायला पाठवतो. एवढ्याशा जीवाशी इतकं सराईत खोटं बोलणारा माणूस बघून वाचणाऱ्या पोराच्या अंगावर काटा येतो. नव्या सिनेमात सिंडी लू मोठी झाली. एकटीनं संसार ओढणाऱ्या आईला मदत मिळावी म्हणून ती सांताला गाठायचा बेत करते. चांगली मुलगी आहे. पण तिच्या चांगुलपणानं ग्रिंच आधीच अर्धा विरघळतो आणि त्या खोटेपणाचा काटा निघून जातो.

मग काय, पुस्तकाला हातच लावायचा नाही?

असं कोण म्हणतंय! १९६६ साली चक जोन्सनं, बग्ज बनीवाल्या चक जोन्सनं, याच पुस्तकावर २६ मिनिटांचा टीव्हीपट केला. त्यात त्यानं भरपूर हात मारला. पुस्तकात काळा-पांढरा असलेला ग्रिंच हिरवा केला. गाणी घातली. मॅक्स या कुत्र्याला मोठी भूमिका दिली, आणि त्याचा केविलवाणा चेहरा बघून हसू आवरत नाही. निवेदनाला बोरिस कारलॉफ आणला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस म्हणून लोकांना घाबरवलेला नट. आज टी-शर्टवर जो हिरवा रंग मिरवतो, तो स्यूसचा नाहीच, जोन्सचा आहे.

तरी तो टीव्हीपट इमानी. कारण जोन्सनं रंग बदलला, गोष्टीचं दुखरं ठिकाण बदललं नाही. ग्रिंच वाईट का, हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. सगळं चोरीला गेलेले लोक सकाळी उठतात आणि तरीही गातात. ग्रिंच ते ऐकतो. त्याच्यावर उपचार कुणी करत नाही, तो ऐकतो आणि बदलतो. बदल का झाला, तेही पोरानंच शोधायचं.

रिमेक तपासायची माझी कसोटी एवढीच. पात्रं वाढवा, गाणी घाला, हिरवा करा नाहीतर जांभळा. गोष्ट जिथे बोचते, तिथे तुम्ही काय केलंत?

बहुतेकांनी तिथे गादी अंथरली आहे.

इल्युमिनेशनची तर ही सवयच. २०१२ ला स्यूसच्याच 'द लोरॅक्स'वर त्यांनी सिनेमा काढला. पुस्तकात झाडं तोडणाऱ्या वन्सलरचा चेहरा दिसतच नाही, दिसतात ते फक्त हात. कारण तो कुणीही असू शकतो. सिनेमात त्याला चेहरा मिळाला, गिटार मिळाली, हावरट नातेवाईक मिळाले. झाडं तुटली ती नातेवाइकांच्या दडपणामुळे, असं वाटावं इतपत सोय झाली.

यामागचं एक कारण अगदी रोकडं आहे. झोपायच्या वेळी एका दमात वाचून संपणारं पुस्तक आणि थिएटरात तिकीट लावायचं तर हवा जवळपास दीड तास. दोन वाट्यांच्या आमटीत पाणी ओतून पंगत वाढायची, तर चव जाणारच. ते पाणी म्हणजे ही बालपणं, हे फ्लॅशबॅक, हे पाठलाग. २०१८ च्या ग्रिंचनं जगभर ५० कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला. पाण्याला भाव चांगला आला.

'पण मुलांना आवडला ना?' आवडला. चित्र देखणं आहे, बर्फ खरा वाटतो, बेनेडिक्ट कंबरबॅचनं आवाज मनापासून दिलाय. प्रश्न मुलांच्या आवडीचा नाहीच. मोठ्यांना मुलांच्या धीटपणावर भरवसा राहिलेला नाही, हा प्रश्न आहे.

आणि मुलं धीट असतात, याला पुरावा हवा तर मे महिन्याच्या सुट्टीत नाट्यगृहात जा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ च्या नव्या प्रयोगात वैभव मांगलेंनी. ती आली की पोरं किंचाळतात, आईच्या कुशीत शिरतात आणि बोटांच्या फटीतून बघत राहतात. घरी जाऊन पुन्हा न्या म्हणून हट्ट धरतात. भीती हवी असते त्यांना. भीती नको असते ती आपल्याला, कारण रात्री उठून दिवा आपल्याला लावावा लागतो.

'द पोलर एक्सप्रेस' घ्या. क्रिस व्हॅन ऑल्सबर्गचं १९८५ चं पुस्तक, मोजून ३२ पानांचं, चित्रांसाठी कॅल्डेकॉट पदक मिळालेलं. मित्र म्हणतो सांता नसतो, आणि मुलाला पक्कं ठाऊक असतं की मित्र चुकतोय. तो जागा राहून घंटेचा आवाज ऐकू येतो का याची वाट बघतो. ही गोष्ट विश्वासाची आहे, आणि विश्वास आतून येतो.

२००४ च्या सिनेमात रॉबर्ट झेमेकिसनं तो मुलगाच उलटा केला. आता यालाच शंका. विश्वास बसावा म्हणून गाडी रुळावरून घसरते, बर्फावरून सुसाट सुटते, टपावर भटक्या भेटतो, तिकीट वाऱ्यावर उडतं. टॉम हँक्सच्या हालचाली कॅमेऱ्यात पकडून त्याला एकट्याला अनेक भूमिका दिल्या, आणि एवढं करून डोळे काचेचे ते काचेचेच. पुस्तकातल्या मुलाला एक घंटा पुरली होती.

हाच झेमेकिस २००९ मध्ये डिकन्सकडे वळला. 'अ ख्रिसमस कॅरल', कंजूष म्हाताऱ्या स्क्रूजच्या भूमिकेत पुन्हा जिम कॅरीच. इथे मात्र हिशेब नीट करायला हवा, कारण या गोष्टीचं दुखरं ठिकाण सगळ्यांत खोल आहे.

१८४३ च्या सप्टेंबरात डिकन्स लंडनमध्ये फील्ड लेनच्या गरीब मुलांच्या शाळेत गेला आणि हादरून परतला. त्याच वर्षी खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांबद्दलचा सरकारी अहवाल त्यानं वाचला होता. गरिबांच्या मुलांसाठी पत्रक काढायचा त्याचा विचार होता. पत्रक बाजूला ठेवून त्यानं गोष्ट लिहिली. १९ डिसेंबरला पुस्तक आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती संपल्या. पत्रक कोण वाचणार होतं?

त्या गोष्टीच्या मध्यावर वर्तमान नाताळचं भूत आपला झगा बाजूला करतं. आत दोन खंगलेली, रानटी झालेली मुलं. एकाचं नाव अज्ञान, दुसरीचं दारिद्र्य. भूत स्क्रूजला बजावतं की ही माणसाचीच लेकरं आहेत, आणि या मुलाला तर जास्तच भी. सगळं पुस्तक या दोन पोरांसाठी आहे. प्लम पुडिंग आणि लंगड्या टायनी टिमची कुबडी नंतर.

डिस्नेनं १९८३ ला मिकी माउसला घेऊन याच गोष्टीवर २६ मिनिटांचा पट केला. गोड आहे. ती दोन पोरं त्यात नाहीत. स्क्रूज कंजूष होता, आता दिलदार झाला, संपलं. लेखक ज्यांच्यासाठी लिहायला बसला, त्यांनाच दारातून परत पाठवलं. म्हणजे नुसतं थोडक्यात आटोपल्यानं कुणी इमानी ठरत नाही.

झेमेकिसनं ती ठेवली. संवाद डिकन्सच्या जवळ ठेवले, भुतं भीतिदायक ठेवली. त्याबद्दल मनापासून शाबासकी. पण मग धीर सुटला. स्क्रूज आक्रसून उंदराएवढा होतो आणि काळी शववाहक घोडागाडी त्याच्या मागे लंडनभर धावते. पाठलाग लांबतच जातो. डिकन्सनं असं काही लिहिलेलं नाही. थ्री-डी चष्म्याची किंमत वसूल व्हावी यासाठी डिकन्सला पळवलंय. पाठलाग संपेपर्यंत ती दोन पोरं कुणाच्या लक्षात राहतात?

हीच गोष्ट १९७१ साली रिचर्ड विल्यम्सनं सुमारे २५ मिनिटांत सांगितली. जुन्या कोरीव चित्रांसारखी रेघ, काळवंडलेलं लंडन, अंगावर येणारी भुतं, आणि ती दोन मुलं, जशी लिहिली तशी. ऑस्कर मिळालं. कार्यकारी निर्माता कोण, तर चक जोन्स. ग्रिंचवाला.

आणि ज्याच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, तो रेमंड ब्रिग्जचा 'द स्नोमॅन'. १९७८ चं पुस्तक, एकही शब्द नाही, सगळं रंगीत पेन्सिलीनं काढलेलं. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं आकाशात उडतात. सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तर उरलेली असते टोपी आणि वितळलेला ढीग. बस. पुढचं पान नाही.

१९८२ ला ब्रिटनच्या चॅनेल फोरसाठी त्याचा २६ मिनिटांचा पट झाला. त्यात फादर ख्रिसमस घुसवला, जो पुस्तकात नव्हताच. ब्रिग्जची गोष्ट मुळात नाताळची नव्हती, मरणाची होती. आपण सुखान्त रचत नाही, बर्फ वितळतो तसे आई-बापही जातात, असं त्यानं स्वच्छ सांगितलेलं आहे. पण पट करणाऱ्यांनी शेवटाला धक्का लावला नाही. मुलगा गुडघ्यावर बसतो, खिशात फादर ख्रिसमसनं दिलेला मफलर, समोर ढीग. ब्रिटनमधल्या कित्येक घरांत पोरं हे दर नाताळात बघतात, रडतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघतात. कुणाचं काही बिघडलं?

तीस वर्षांनी, २०१२ ला, पुढचा भाग आला. या वेळी बर्फाच्या माणसाबरोबर बर्फाचा कुत्रा. माणूस सकाळी वितळतो, पण कुत्रा खराखुरा होऊन मुलाकडे राहतो. ब्रिग्जनं परवानगी दिली होती, हातानं काढलेली चित्रं सुंदर आहेत, सगळं खरं. पण पहिल्या मुलाला सांत्वनाला एका मफलरापलीकडे काहीच मिळालं नव्हतं, आणि लक्षात राहिला तोच.

तेव्हा रिमेक जरूर काढा. आजच्या संगणकाला जे जमतं, ते जोन्सला आणि विल्यम्सला स्वप्नातही जमलं नसतं. इल्युमिनेशनकडे पैसा आहे, उत्तम चित्रकार आहेत, कंबरबॅचसारखा नट आहे. कमी आहे ती एकाच गोष्टीची. सिनेमातून तासभर कापून टाकायचं आणि ग्रिंच असा का झाला, या पोराच्या प्रश्नाला पडद्यावरून उत्तर न द्यायचं धाडस.