काळोखी राजपुत्र : वाशिमच्या नवख्या खेळाडूंसाठी सूचना

या सूचना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : वॉरियर विदिन’ हा २००४चा खेळ वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा इथल्या जुन्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी आहेत. नवा कॉम्प्युटर असणाऱ्यांनीही वाचाव्यात. लाइन त्यांचीही जातेच.

आधी पात्रता. २००३चा ‘सॅण्ड्स ऑफ टाइम’ खेळून संपवलेला असावा. त्यात राजपुत्र हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या वाड्यातून नको तो खंजीर उचलतो, महाराजाच्या मुलीच्या, फराहच्या, प्रेमात पडतो आणि शेवटी काळ मागे फिरवून सगळं निस्तरतो. बोलणं असं की कुणीही जावई करून घ्यावं. पुढच्या भागाची कथा सात वर्षांनंतरची. फराह गायब, आणि तोच गुणी मुलगा दातओठ खात तलवारी परजतोय. ओळख पटली नाही तर सीडी चुकीची आली असं समजू नये.

आवाज. पाठलाग सुरू झाला की गॉडस्मॅक या अमेरिकन बँडच्या गिटारी कडाडतात. घरात आजी असल्यास हेडफोन लावावेत. तरी ती पडद्याकडे बघून विचारेलच, ‘काहून इतका तणतणून रायला हा?’ प्रश्न रास्त आहे. १९८९च्या मूळ खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर ‘सॅण्ड्स ऑफ टाइम’च्या कामात होते, या भागात नव्हते, यातली हिंसा आपल्याला आवडली नाही, हे त्यांनी उघड सांगितलं होतं. म्हणजे आजी आणि मेकनर एका बाजूला. उडणारी मुंडकी, कातडी पोशाख, सम्राज्ञी कैलीनाला दिलेला मोनिका बेलुचीचा आवाज, हा काळोख बराचसा रंगभूषेचा आहे. खरा काळोख कथेत आहे. (पुढचं वाक्य खेळ न संपवलेल्यांनी गाळावं.) काळाची वाळू निर्माणच होऊ नये म्हणून राजपुत्र एका बेटावर जाऊन सम्राज्ञीला मारतो, आणि वाळू जन्मते ती तिच्या मरणातूनच. काटा इथे येतो, रक्त बघून नाही.

आता पाणी. इथे वाशिमचा खेळाडू जन्मतःच पुढे आहे. या खेळात प्रगती साठवायची तर कारंज्याचं पाणी प्यावं लागतं. पुण्यामुंबईचे लोक ‘पुढचं कारंजं येईलच’ म्हणत पुढे धावतात आणि तासाभराची मेहनत घालवतात. ज्याने एकबुर्जी धरणात किती पाणी उरलंय हे विचारून नळाच्या वाराचा हिशेब लावलाय, तो अशी चूक करत नाही. दिसलं पाणी की प्यायचं. राजपुत्राला काळ मागे नेता येतो, पण गेलेली लाइन परत आणता येत नाही.

दुसरं, दहाका. काळाला फसवून जगणाऱ्याला संपवायला निघालेलं हे शिंगवालं काळं धूड. पडद्यावरचे रंग उडाले की तो आला. लढू नये, वळून बघू नये, थेट पाण्याच्या पडद्यापलीकडे पळावं. पाणी त्याला ओलांडता येत नाही. एवढा पराक्रमी राक्षस, आणि घाबरतो कशाला, तर धबधब्याला! मे महिन्यात खेळताना हे विशेष पटतं.

‘सॅण्ड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बनतेय, असं हे खेळ काढणाऱ्या युबीसॉफ्ट कंपनीने सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर केलं होतं. आपल्याकडची पोरं राजपुत्राला पुन्हा माणसात आणतील असं वाटलं. मे २०२२मध्ये काम कंपनीच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओला गेलं. असो.

शेवटची सूचना वहीत लिहून ठेवावी. बेटावर आयुष्य वाढवणाऱ्या नऊ जागा लपवलेल्या आहेत. नऊही सापडल्या तरच पाण्याची तलवार मिळते आणि दहाकाशी लढता येतं. आठवर थांबलात तरी खेळ संपतो, पण शेवट वेगळा. आणि २००५चा तिसरा भाग तो शेवट घडलाच नाही असं धरून सुरू होतो. तक्रार मॉन्ट्रियलला करावी, वाशिमला युबीसॉफ्टची शाखा नाही.