मुक्काम पोस्ट बोडेगा बे

आमच्या वडिलांनी कोकणातलं गळकं घर सोडलं ते डोक्यावर धड छप्पर हवं म्हणून. मी ३४ वर्षं नोकरी केली ती पुण्यात दोन खोल्या स्वतःच्या व्हाव्यात म्हणून. लेक-जावयाने कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला तीन बेडरूमचं घर घेतलं, आणि गेल्या जुलैत त्या घराला कुलूप लावून आम्ही चौघं आणि नात वाळूत, कापडाखाली झोपायला गेलो. ह्याला कॅम्पिंग म्हणतात.

ही वाळू सहजासहजी मिळत नाही बरं का. तिथल्या सरकारी उद्यानांतली तंबूची जागा सहा महिने आधी, सकाळी ८ च्या ठोक्याला ऑनलाइन खुली होते. जानेवारीतल्या एका सकाळी जावईबापू तीन लॅपटॉप आणि दोन फोन मांडून, आंघोळ न करता बसले होते म्हणे. तत्काळवर हयात काढलेल्या माणसाला ह्यात नवल नाही. फक्त आपल्याला शेवटी बर्थ मिळतो. ह्यांना मिळालं एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी एक लोखंडी कडं.

कॅलिफोर्निया म्हटल्यावर मी चार सुती बुशशर्ट नेले होते. पेटालुमापर्यंत ते बरोबरही होते. गाडीत एसी चालू होता. मग डोंगर उतरून समुद्र दिसायच्या जागी नुसतंच पांढरं काहीतरी दिसायला लागलं. डॅशबोर्डवर तापमान ५६. मी बुशशर्टाचं वरचं बटण सोडलं. "बाबा, ते फॅरनहाइट आहे," जावई म्हणाले. म्हणजे आपले १३. मी बटण लावलं.

गाव बोडेगा बे. हायवे वनवरचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचं मच्छीमारांचं बंदर. हिचकॉकचा १९६३ सालचा 'द बर्ड्स' ह्याच भागात चित्रित झाला. त्यात पक्षी माणसांवर तुटून पडतात आणि का, ते शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या बाबतीत कारण स्पष्ट होतं: थालीपीठ. सीगलने ते माझ्या हातातून लोण्यासकट उचललं.

थंडी का, हे जावयांनी तंबू ठोकता ठोकता समजावलं. (इंजिनिअर माणूस, समजावताना त्यांना थंडी वाजत नाही.) उन्हाळाभर वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि खालचं गारढोण पाणी वर येतं. समुद्र ऐन जुलैत ११-१२ अंशांचा. त्यावरून आलेल्या दमट हवेचं धुकं होतं, आणि आत खोऱ्यात चाळीस अंशांनी जमीन तापलेली असल्यामुळे ते धुकं आत ओढलं जातं. थोडक्यात, तिकडे कुणीतरी उकडून निघावं म्हणून इकडे आम्ही गारठायचं. शास्त्र मला पटलं. तंबूला पटलं नाही. खुंट्या वाळूत धरेनात. शेवटी चार कोपऱ्यांवर पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, नातीची सायकल आणि मी, अशी वजनं ठेवली.

काठावर पाटी होती: समुद्राकडे पाठ करू नका. इथे अचानक मोठी लाट येऊन माणसाला ओढून नेते. म्हणजे वारा तोंडावरच घ्यायचा, हा नियमच.

हिने लेकीला न सांगता कुकर आणला होता. गॅसची ज्योत वाऱ्याने आडवी होऊन शेजारच्या बाकाला ऊब देत होती, त्यामुळे खिचडीची पहिली शिट्टी पाऊण तासाने झाली. पलीकडच्या तंबूतले गृहस्थ दचकून बाहेर आले. बिचाऱ्यांच्या अंगात अर्धी चड्डी होती, ओठ जांभळे होते, आणि मला बघून ते म्हणाले, छान हवा आहे ना?

तिथे सगळे असंच म्हणतात. धुक्यात चार हातांवरचा माणूस दिसत नाही, पण तो "मस्त!" म्हणालेला ऐकू येतो. १५७९ च्या जूनमध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक जहाजाच्या डागडुजीसाठी ह्याच किनाऱ्यावर, बोडेगाच्या थोडं दक्षिणेला, पाचेक आठवडे मुक्कामाला होता. ऐन उन्हाळ्यातल्या गारठ्याने आणि घाणेरड्या धुक्याने जीव नकोसा झाल्याची तक्रार त्याच्या सफरीच्या वृत्तांतात आहे. साडेचारशे वर्षांत खरं बोललेला एवढा एकच कॅम्पर. त्याला बुकिंग लागलं नव्हतं, म्हणून परवडलं.

दुसऱ्या दिवशी बोडेगा हेड नावाच्या टेकाडावर खड्डा पाहायला गेलो. खरंच, खड्डाच. १९५८ साली तिथे अणुवीज प्रकल्पाची टूम निघाली, पुढे अणुभट्टीसाठी हा भला मोठा खड्डा खणला, आणि सॅन अँड्रियास भूकंपरेषा अगदी शेजारून जाते ह्यावरून रान पेटलं. लोक हटेनात, १९६४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. खड्ड्यात पाणी साचलं, आता पक्षी येतात. आधी खणायचं, मग विचारायचं, मग पाणी साचू द्यायचं. सात समुद्रांपलीकडे येऊन मला एकदम पुण्यात असल्यासारखं वाटलं.

रात्रीचं सविस्तर सांगत नाही. बंदराचा भोंगा रात्रभर वाजत होता. मी चारही बुशशर्ट एकावर एक घातले होते. मध्यरात्री रकून नावाचं चोरट्या चेहऱ्याचं जनावर टेबलावर विसरलेला डबा उघडून भाकरवड्या खाऊन गेलं. मेतकुटाला मात्र त्याने तोंड लावलं नाही. नात म्हणाली, "आजोबा, तुमचे दात वाजतायत." मी म्हटलं, तो भोंगाच असेल.

निघताना गेटवरच्या रेंजरबाईंनी हिला सांगितलं, इथला उन्हाळा खरा सप्टेंबर-ऑक्टोबरात. वारा पडतो, धुकं हटतं, ऊनही असतं. हिने ताबडतोब जावयांकडे पाहिलं.

"मग सप्टेंबरातच का नाही आलो आपण?"

"आई, सप्टेंबर मार्चमध्येच भरला," जावई म्हणाले, आणि घड्याळ बघून त्यांनी गाडी बाजूला घेतली. आठला पाच कमी होते. जानेवारी उघडणार होता.